घरच्या गाडीला बाहेरचा भाव

जुनी गाडी विकायला काढली की लोकांना नमस्कार म्हणायलाही वेळ नसतो, हे पहिल्याच दिवशी कळतं. मी ॲपवर फोटो टाकले, फोन ओट्यावर ठेवला आणि चहाचं आधण चढवलं. त्याला उकळी यायच्या आत पहिला फोन.

"लास्ट किती?"

कोण बोलतंय, कुठून बोलतंय, गाडी बघायची आहे की नाही, काही नाही. मी म्हणाले, "अहो, अजून पहिला भाव सांगितला नाही, शेवटचा कुठून आणू?" त्यानं फोन ठेवला. दुसऱ्यानं विचारलं, गाडी कधी ठोकली होती का, आणि मी नाही म्हणताच "सगळे असंच म्हणतात" असं म्हणून तोही गेला. तिसऱ्यानं गाडीच्या बदल्यात दुभती म्हैस देऊ केली. खरं सांगायचं तर त्या दिवसभरात मी दोन मिनिटं विचार केला तो त्या एकाच सौद्याचा.

माझी वाळूजला खानावळ आहे. नवऱ्याचं कंपनीतलं कंत्राट संपलं त्या वर्षी चार डब्यांवर सुरू केली होती. आता शिफ्टला जाणाऱ्यांचे दीडशे डबे दोन वेळा बाहेर पडतात. त्यातूनच नऊ वर्षांपूर्वी ही पांढरी गाडी घेतली. घर नवऱ्याच्या नावावर, गॅसचं कार्ड सासूच्या नावावर, खानावळीची जागा मालकाची. माझ्या नावावरची पहिली वस्तू म्हणजे ही गाडी. मागची सीट पाडून तिच्यात डबे जायचे. आता डबे मावेनात म्हणून छोटा टेम्पो बुक केला आणि गाडी विकायला काढली.

भाव करणं हा माझा रोजचा धंदा आहे. जाधववाडीच्या मार्केटमधले भाजीवाले मला बघितलं की आधीच किलोमागं दहा रुपये चढवून सांगतात, कारण मी पंधरा उतरवणार हे त्यांना ठाऊक आहे. राग मला लवकर येतो, हेही त्यांना ठाऊक आहे. तेल घालणाऱ्या माणसानं एकदा डबा अर्ध्या किलोनं कमी दिला, तर मी त्याचा काटाच उचलून खानावळीत आणून ठेवला होता. दोन दिवसांनी तो डबा आणि माफी दोन्ही घेऊन आला.

त्यामुळं गाडी विकणं हे मला अवघड वाटलं नव्हतं. मी तीन दहा, म्हणजे तीन लाख दहा हजार, सांगायचे ठरवले होते आणि मनात दोन साठ धरले होते. त्याच्या खाली यायचं नाही.

बघायला आले त्यातल्या एकानं खिशातून फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं आणि गाडीभर लावत फिरला. जिथं चिकटणार नाही तिथं ठोकर लपवायला पुट्टी भरलेली, असं त्याचं शास्त्र. सगळीकडं चिकटलं तर त्याचं तोंड पडलं. मग मागचं दार उघडून म्हणाला, "हे पिवळं काय आहे?"

"हळद."

"गाडीत हळद?"

"गाडीत वरण जातं. वरणात हळद असते."

तो आजूबाजूला बघत म्हणाला, "साहेब कुठं आहेत? किमतीचं त्यांच्याशीच बोललेलं बरं."

माझा नवरा दारात बसून कोथिंबीर निवडत होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, "साहेब त्याच आहेत. माझ्याकडं फक्त कोथिंबीर आहे."

मी त्या माणसाला तीन दहाचे तीन वीस सांगितले. चुंबकासकट गेला.

शेवटी एक बरं गिऱ्हाईक लागलं. सिडकोतले शिक्षक नवरा-बायको, दोनदा आले, तिसऱ्यांदा आपला मेकॅनिक घेऊन आले. बोलणं सभ्य. दोन पन्नासपर्यंत चढले होते आणि अजून चढतील हे मला त्यांच्या बायकोच्या डोळ्यांत दिसत होतं. गुरुवारी शेवटचं ठरवायला येतो म्हणाले.

त्याच्या आधीच्या शनिवारी आईचा फोन आला.

माझं माहेर करमाडच्या पुढं. आई तिथं माझ्या धाकट्या भावाजवळ राहते. तो चिकलठाण्याला कंपनीत जातो, उरलेल्या वेळात शेती बघतो. आईनं आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, त्यावरूनच मी ओळखलं की काहीतरी आहे.

"गाडी विकायलीस म्हणं."

"कुणी सांगितलं?"

"फोनवर फोटू आला की. घरातली गाडी बाहेर कशाला घालायची? तुझ्या भावाला दे."

"देते की. काय भावानं?"

आई म्हणाली, "भावाला कसला भाव, बाई? दीड देतो म्हणतोय, जमंल तसं. त्याच्या पोराचं बघायचं चाललंय. जालन्याकडचे येणारेत पुढल्या महिन्यात. दारात चारचाकी दिसली तर बरं दिसतंय."

मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. राग भलताच आला होता. हा राग गाडीचा नव्हता. तो कळायला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल, आणि ती मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही.

वीस वर्षांपूर्वी आमचे वडील गेले. दिवस झाले आणि महिन्याभरात घरातल्या मोठ्यांनी ठरवलं की जमीन भावाच्या एकट्याच्या नावावर करायची. पोरींनी हक्क सोडायचा, ही आमच्याकडं रीतच आहे. त्यात कुणी कुणाला विचारत नाही. पोरगी नाही म्हणाली तर तिला माहेर तुटतं, म्हणून ती हो म्हणते, आणि ती हो म्हणते म्हणून तिला विचारायची गरज पडत नाही. भावानं जीप पाठवली. रजिस्ट्री ऑफिसात मी चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन उभी होते. लिहिणाऱ्यानं बोट ठेवलं तिथं तिथं सही केली. एक ओळ वाचली नाही. नंतर हॉटेलात जेवण झालं, घरी आईनं साडी नेसवली, ओटी भरली. मी हसतमुखानं परत आले. त्याच वर्षी नवऱ्याचं काम गेलं.

पुढं काही वर्षांनी जालना रोडनं जाताना आमच्या वावरात मला पाटी दिसली. एनए प्लॉट. रस्त्याकडेचा तुकडा भावानं विकला होता. त्याचं घर झालं, बोअर झाली. मी डब्यांच्या भांड्यांसाठी बचत गटाकडं फेऱ्या मारत होते. जमीन मला हवी होती असं मी म्हणत नाही. मी शेती करणार नव्हते. पण मी, जी दोन रुपयांच्या कढीपत्त्यासाठी भांडते, तिला तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या व्यवहारात कुणी भाव विचारला नाही. ते मला अजूनही सहन होत नाही.

आणि आता पुन्हा तेच. भावाला कसला भाव.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "देऊन टाक. एक लाखासाठी माहेर तोडणार का?" त्याचं चुकत नव्हतं. आई पंचाहत्तरीला आलेली. ती असेपर्यंतच तिथं माझं ताट आहे, हे मलाही समजत होतं. शिक्षकांना गाडी दिली तर ते घर माझ्याशी बोलणं टाकणार. भावाला दीड लाखात दिली तर मी उरलेलं आयुष्य जळत राहणार. रविवारची भाजी त्या दिवशी दोनदा खारट झाली. खानावळीत बसून जेवणाऱ्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली, कारण मी स्वतः वाढायला उभी होते.

त्याच रविवारी दुपारी भाऊ आला. पेढे घेऊन आला. पेढ्यांचा बॉक्स बघूनच मला कळलं की हा गाडी न्यायला आलाय, बघायला नाही.

"आक्का, चावी दे. आज मुहूर्त बराय. पैशाचं आईनं सांगितलंच असंल."

"आणि नाव?"

"नाव करू की सवडीनं. पळून चाललोय का मी?"

नाव सवडीनं करायचं काय होतं ते मला माहीत होतं. गाडीनंतर घेतलेली एक स्कूटी मी मागं अशीच ओळखीत विकली होती. नाव बदललं नाही. तेव्हापासून कुणीतरी अनोळखी बाप्या दोघांना मागं बसवून, विना हेल्मेट सिग्नल तोडतो आणि दंडाचा मेसेज फोटोसकट माझ्या मोबाईलवर येतो. आता तर त्याचं तोंड मला नातेवाइकासारखं ओळखीचं झालंय. उद्या गाडीखाली कुणी आलं, तर पोलीस नाव असलेल्या माणसाच्या दारात येतात.

मी आतून कागद आणले. आरटीओचे फॉर्म आणि विक्रीचा स्टँपपेपर, शिक्षकांसाठी तयार करून ठेवलेला, नावाची जागा कोरी.

"यावर सही कर. आरटीओला जाऊ. मग चावी."

भावानं तो कागद हातात घेतला नाही. त्याचा चेहरा उतरला. "बहिणीभावात कागद? लोकं काय म्हणतील?"

आणि मग जे वीस वर्षं दाताखाली धरलं होतं ते सुटलं. मी म्हणाले, "तुला तेव्हा बहिणीचा कागद चालला होता. तेव्हा लोकं काय म्हणाली?"

तो पेढ्यांचा बॉक्स ओट्यावर ठेवून निघून गेला. मोटारसायकलला तीन किका मारल्या तरी ती सुरू होईना, म्हणून ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. मी आतून बघत होते. हाक मारावी वाटली आणि मारली नाही.

सोमवारी आईचा फोन नाही. मंगळवारी मी केला तर भावजयीनं उचलला, "झोपल्यात" म्हणाली. सकाळचे दहा वाजले होते. माझी आई पहाटे पाचनंतर कधी झोपलेली मला आठवत नाही. मी कणकेवर सगळा राग काढला. पोळ्या त्या दिवशी फार मऊ झाल्या, असं दोघातिघांनी सांगितलं.

बुधवारी अकराच्या सुमारास दुपारचे डबे भरून बाहेर गेले होते आणि मी पायरीवर बसून पाणी पीत होते. फाटकाशी भाऊ उभा. पेढे नाहीत, पिशवी नाही. कंपनीची सुट्टी टाकून आला होता. आत आला नाही. तिथूनच म्हणाला,

"गाडी विकायचीय म्हणं."

मी ग्लास खाली ठेवला. "विकायचीय."

"बघू का?"

"बघा की."

तो गाडीभोवती फिरला. टायरला लाथ मारली. दार उघडून वाकून बघितलं, नाकाशी हात नेला. "आतून फोडणीचा वास येतोय."

"त्याचे वेगळे पैसे घेत नाय."

"टायर गेलेत."

"पुढचे दोन मागल्या वर्षी टाकलेत. बिल हाय."

"बिल दाखवा."

मी बिलांची फाईल आणली. त्यानं खरंच बिलं वाचली, बोनेट उघडायला लावलं, गाडी सुरू करून कान लावून बसला. बोनेटखाली त्याला एक क्लिप तुटलेली सापडली. मला नऊ वर्षांत ती दिसली नव्हती. मनात म्हणाले, हा तर शिक्षकांच्या मेकॅनिकपेक्षा हुशार निघाला.

"काय म्हणता मग?" त्यानं बोनेट लावत विचारलं.

"तीन दहा."

"दोन."

"दोनात पुढची दोन चाकं आणि स्टेअरिंग देते. न्या उचलून."

तो हसला नाही. "दोन वीस. क्लिप तुटलीय."

"क्लिप चाळीस रुपयाला मिळते. तीन."

"बाहेरचा काय देतोय?"

"बाहेरचा उद्या येणारे. थांबा आणि त्यालाच विचारा."

शेजारीण कपडे वाळत घालता घालता थांबली. तिला वाटलं असावं, कुणी दलाल आलाय आणि आता याचं काही खरं नाही. आम्ही चढत्या आवाजात बोलत होतो. तो एकदा फाटकापर्यंत जाऊन परत आला. मी एकदा आत जाऊन दार लावलं आणि खिडकीतून बघत राहिले की हा जातो का. गेला नाही. आमच्या दोघांत असं बोलणं लहानपणी कैऱ्यांवरून झालं असेल, त्यानंतर कधीच नाही. रजिस्ट्री ऑफिसानंतर तर आम्ही एकमेकांशी सणावारासारखं बोलायचो. कशी हायेस, बरी हाय, पोरं कशी हायेत.

तो दोन पंचावन्नवर अडला. मी दोन पंचाहत्तरवर. दोघंही दमलो. तो पायरीवर येऊन बसला, माझ्यापासून हातभर लांब. खिशातून रुमाल काढून मान पुसली आणि रस्त्याकडं बघत म्हणाला,

"तेव्हा विचारलं असतं तर काय मागितलं असतंस?"

मी म्हणाले, "काय ठाऊक. कदाचित काहीच नसतं मागितलं. पण विचारायचं होतं."

"भीती वाटली."

"मी वाटा मागेन याची?"

"वाट्याची नाय, आक्का. तू भाव करशील याची. तुला कोण पुरं पडणार? मी सत्तावीस वर्षांचा होतो. आई म्हणाली, तिला बोलायलाच लावू नको, नुसती जीप पाठव."

मला हसू आलं. ते यायला नको होतं, कारण गोष्ट हसण्यासारखी नव्हती. मी इतकी वर्षं समजत होते की त्यांनी मला मोजलंच नाही. आणि ते मला घाबरत होते. घाबरून माणसाचं नुकसान करणं हे काही चांगलं नाही, तसं मी त्याला सांगितलंही. तो "व्हय" म्हणाला. एवढंच. माफी मागितली नाही आणि मीही मागायला लावली नाही. मागितली असती तर मला ती खरी वाटली नसती. हे "व्हय" खरं होतं.

मग मी म्हणाले, "दोन सत्तर."

"दोन साठ."

"दोन पासष्ट. आणि क्लिप तुझी तू टाक."

"पैसे बँकेतून आजच पाठवतो. सगळे."

"हां. आणि नाव?"

"आजच आरटीओला चल."

मी चहा टाकला. नवरा बाजारातून आला तेव्हा आम्ही दोघं स्टँपपेपर मध्ये ठेवून बसलो होतो. भाऊ सही करायला लागला तर मी त्याचा हात धरला. "आधी वाच. सगळं वाच, मग कर." त्यानं मोठ्यानं वाचलं, प्रत्येक ओळ, चेसिस नंबरासकट. एका ठिकाणी वर्ष चुकलेलं त्यालाच सापडलं. ते दुरुस्त केलं आणि दोघांनी सह्या केल्या.

शिक्षकांना फोन करून सांगितलं की गाडी गेली. त्यांची बायको म्हणाली, "आम्ही साठ देणार होतो हो." मी म्हणाले, मला माहीत होतं.

आरटीओत बाकी सगळं नेहमी होतं तसंच झालं. रांग, झेरॉक्स, आधारची आणखी एक झेरॉक्स, जेवणाची सुट्टी. पण त्या दिवशी मी कुणावर खेकसले नाही. भावानं दोनदा विचारलं, बरं वाटत नाय का.

काही दिवसांनी मोबाईलवर मेसेज आला की गाडी आता माझ्या नावावर नाही. मला वाटलं होतं, वाईट वाटेल. माझ्या नावावरची पहिली वस्तू. पण मी तो मेसेज वाचून मोठा श्वास सोडला आणि भाताला आधण ठेवलं. जुन्या कागदाचं दुखणं गेलं असं मी म्हणणार नाही. ती पाटी दिसली की अजून कळ येते. पण आता ती येते आणि जाते. आधी ती राहायला येत होती.

त्याच संध्याकाळी आईचा फोन. गुडघ्यांची चौकशी नाही.

"दोन पासष्ट घेतलेस म्हणं भावाकडून."

मी तयारीत होते. "व्हय. घेतले."

"तो गावभर सांगत सुटलाय." आईच्या आवाजात राग शोधत होते, तो काही सापडेना. "पारावर, दुकानात, कंपनीत. आक्काला तीन दहावरून खाली आणली म्हणतोय. कुणाचा विश्वास बसंना. तुझा मामा म्हणला, तिला खाली आणणारा अजून जन्मायचाय."

"मग तो काय म्हणाला?"

"कागद दाखवतोय ना लोकांला. खिशात घेऊन फिरतोय." आई जरा थांबली. "जालन्याचे पुढल्या रविवारी यायलेत. तू सकाळीच ये. देण्याघेण्याचं बोलणं निघंल, तर तू बस तिथं. आपल्याकडून बोलायला कुणी पाहिजे का नाय?"

"येते."

"बसनं नको येऊस. तो गाडी घेऊन येईल न्यायला."

मी म्हणाले, "त्याला सांग, मी पुढं बसणार."